समीकरणात न दिसणारा भागीदार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र का लिहावे, असे प्राध्यापक मंडळी विचारतील. उत्तर हिशेबातच आहे. धातू म्हटला की आम्हां शिरगावकरांना खाणीतले लोखंड आठवते. व्हिक्तॉर ग्रिन्यार यांचे नाव मात्र मॅग्नेशियमशी कायमचे जोडले गेले.

त्यांचा जन्म ६ मे १८७१ रोजी फ्रान्समधील शेरबूर बंदरी झाला. वडील जहाजांची शिडे शिवणारे. मुलाचा ओढा गणिताकडे. पण लियाँ येथे गणिताच्या पदवी परीक्षेत प्रथम अपयश आले. लष्करी सेवा करून परतल्यावर १८९४ साली ते उत्तीर्ण झाले. रसायनशास्त्र त्यांना दुय्यम वाटे. मित्राच्या आग्रहाने ते त्या प्रयोगशाळेत शिरले.

गुरू फिलिप बार्बिए यांनी १८९९ मध्ये एका विक्रियेत जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरले. पण फळ बेभरवशाचे. ते काम शिष्याकडे आले. ग्रिन्यार यांनी क्रम बदलला. कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियमचे संयुग आधी तयार केले व दुसरा पदार्थ मागाहून घातला. हे १९०० साली प्रसिद्ध झाले. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना साबातिए यांच्यासह मिळाले.

आता हिशेब पाहा. पुस्तकातल्या समीकरणात ईथर ना जमेला, ना नावे. तरी त्याच्यावाचून धंदा चालत नाही. ईथरमधील ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन देऊन मॅग्नेशियमला सांभाळतो. द्रावक बदलला की रचनाही बदलते. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये रेणू बहुधा सुटे राहतात; साध्या ईथरमध्ये द्रावण दाट झाले की ते जोड्या-गट करतात. १९२९ मध्ये श्लेंक यांनी दाखविले की द्रावणात देवघेव चालूच असते: दोन रेणूंतून एक डायअल्किल मॅग्नेशियम व एक मॅग्नेशियम हॅलाइड होते, आणि उलटही. डायॉक्झेन घातले की हॅलाइड साक्यासारखे खाली बसते व तराजू एकीकडे झुकतो. पाणी मात्र या संयुगाचा वैरी. आमच्या पावसाळी हवेत ते उघडे ठेवून चालणार नाही.

१९१९ साली ग्रिन्यार बार्बिए यांच्याच जागी लियाँला आले. १३ डिसेंबर १९३५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पारितोषिकात बार्बिए यांचे नाव नव्हते. गुरूने वाट दाखविली, शिष्याने ती चालण्याजोगी केली. माझ्या वहीत मी दोघांच्याही नावे रक्कम जमा धरतो.