आनंदीबाईंचे दुखणे

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्या मराठी घरांना नवे नाही. शाळेच्या धड्यात त्या भेटतात, श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीत भेटतात, अलीकडे चित्रपटातही भेटल्या. अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या हिंदू स्त्रियांमधील त्या अग्रणी. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा आजार मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकला जातो.

आम्ही राज्य शासनाच्या आरोग्य खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करतो. डॉक्टर नव्हे, पदविकाधारक. थुंकीचे नमुने तपासण्यात आमच्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्यामुळे आनंदीबाईंचे चरित्र वाचताना आमची नजर त्या दोन ओळींवरच पुन्हा पुन्हा जाते. यंदा मंडळाने लेख मागितला, तेव्हा हे चरित्र त्या बाजूने सांगावे असे वाटले.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टखात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने पुष्कळ मोठे आणि स्वभावाने विक्षिप्त. बायकोला शिकवायचेच, या एका गोष्टीचा त्यांनी ध्यास घेतला होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनात राहिली. बायकांना तपासायला बाईच डॉक्टर हवी, हा विचार तेथून पक्का झाला.

गोपाळरावांच्या नोकरीमुळे बदल्या होत राहिल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे कलकत्ता. कोल्हापूरला असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र अमेरिकेत पाठवले. ते रेव्हरंड वाइल्डर या मिशनऱ्याकडे गेले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच काम करून गेलेले. त्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी १८८० मध्ये तो दंतवैद्याकडे बसल्या असता वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या दोघींमध्ये असे सख्य जडले की आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

आजाराची पहिली चिन्हे याच काळात दिसतात. कलकत्त्यात असताना आनंदीबाईंना अशक्तपणा होता, डोके सतत दुखे, अधूनमधून ताप येई, कधी धाप लागे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. ही लक्षणे कोणत्याही दुखण्याची असू शकतात. म्हणूनच ती त्या काळी अंगावर काढली जात आणि आजही काढली जातात. क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे माणूस लगेच आजारी पडतो असे नाही. तो वर्षानुवर्षे दबून राहू शकतो आणि शरीर खचले की डोके वर काढतो.

तब्येत अशी असतानाही ७ एप्रिल १८८३ रोजी, अठराव्या वर्षी, आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. उन्हाळा कार्पेंटरबाईंच्या घरी गेला आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना मायेने सांभाळले.

आता वैद्यकाचे घड्याळ त्या वेळी कुठे होते ते पाहू. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. म्हणजे आनंदीबाईंनी महाविद्यालयात पाऊल ठेवले तेव्हा या शोधाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. तोवर क्षय हा आनुवंशिक दोष आहे, नाजूक प्रकृतीच्या माणसांचा रोग आहे, असेच बहुतेकांना वाटत असे. शत्रू कोण हे प्रथमच कळले होते, पण त्याला मारायचे कशाने हे कोणालाच ठाऊक नव्हते. रंटजेन यांचा क्षकिरणांचा शोध १८९५ चा, त्यामुळे छातीचा फोटोही नव्हता. छातीला नळी लावून आवाज ऐकणे आणि दुर्बिणीखाली थुंकी पाहणे, एवढीच साधने.

उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, दूध, अंडी, कॉड माशाचे तेल. आनंदीबाई फिलाडेल्फियात होत्या त्याच वर्षांत न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक येथे एडवर्ड ट्रूडो या डॉक्टरांनी डोंगराळ हवेत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. ट्रूडो स्वतःच क्षयाचे रोगी होते. आपल्याकडे वैद्यांच्या ग्रंथांत राजयक्ष्मा म्हणून हा रोग हजारो वर्षांपासून वर्णिलेला आहे. अडुळसा, सितोपलादि, च्यवनप्राश यांनी खोकल्याला उतार पडे, अंगात थोडी ताकद येई. जंतू मात्र तेथेच राही. पूर्वेला आणि पश्चिमेला, दोन्हीकडे अवस्था सारखीच होती.

फिलाडेल्फियाची थंडी आनंदीबाईंना सोसली नाही. त्यांनी नऊवारी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. परक्या मुलखात आपल्या पद्धतीचे पोटभर जेवण मिळणे अवघड होते. राहायला मिळालेल्या खोलीतील शेगडी नीट नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर कडाका. अशा खोलीत रात्री जागून अभ्यास चाले. ताप आणि खोकला त्यांची पाठ सोडीनासे झाले. तरीही त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, गोपाळरावही अमेरिकेत येऊन पोहोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला.

आम्हाला या भागात सर्वांत मोठी वाटते ती एक गोष्ट. आजारी माणसाने काम करत राहणे म्हणजे काय, हे आम्ही रोज पाहतो. सकाळी अंगात कणकण, दुपारनंतर ताप, रात्री घामाने अंथरूण ओले, चार पायऱ्या चढल्या की धाप, आणि वजन उतरत चाललेले. अशा शरीराने विशीतली मुलगी परक्या भाषेत शरीरशास्त्र शिकत होती. क्षयाने खंगत चाललेल्या माणसाला स्वतःचे दुखणे कळत असते. डॉक्टर होऊ घातलेल्या बाईला तर ते जास्तच कळत असणार.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले. आज आपल्या भागातील माणसे ज्याला सीपीआर म्हणतात तेच हे रुग्णालय. ज्या कोल्हापुरातून मदतीचे पत्र गेले होते तेथेच त्या डॉक्टर म्हणून परत येणार होत्या. ऑक्टोबर १८८६ मध्ये जोशी दांपत्य परत निघाले आणि नोव्हेंबरच्या मध्यावर मुंबईस पोहोचले. प्रवासात प्रकृती आणखी ढासळली. पुण्यास नेल्यावर वैद्यांचे उपचार सुरू झाले. टिळकांनी पत्र लिहून शंभर रुपयांची मदत पाठवली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी एकही रोगी तपासला नाही. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

त्या गेल्यानंतर दोष कोणाचा याची चर्चा झाली आणि आजही होते. सनातनी मंडळींच्या मते हे समुद्र ओलांडल्याचे फळ होते. पुढच्या पिढ्यांनी गोपाळरावांच्या हट्टाला दोष दिला, कोणी थंडीला, कोणी नऊवारीला. अपुरे अन्न, थंडी आणि अतिश्रम यांनी शरीर खचते आणि रोगाचे फावते, हे खरेच. पण मूळ कारण एक जंतू होता आणि त्यावर औषध पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हते. ज्या देशात त्या शिकल्या तेथील गोऱ्या, सधन, कोट घालणाऱ्या तरुण मुलीही याच रोगाने मरत होत्या.

दोष शोधण्याची ही सवय आमच्या खिडकीशी रोज दिसते. म्हणूनच हे लिहावेसे वाटले. सुनेला क्षय निघाला की माहेरहूनच आणला असे म्हणतात आणि तिला माहेरी पोहोचवतात. मुलीला निघाला तर लग्न जमेपर्यंत कोणाला कळू देत नाहीत. कित्येकजण रिपोर्ट हातात घेताना आजार किती आहे हे विचारण्याआधी नाव कुठे लागणार तर नाही ना, हे विचारतात. आमच्या सीमाभागात रुग्णाशी मराठीत बोला की कन्नडमध्ये, शब्द एकच आहे, क्षय. आणि तो उच्चारताना दोन्ही भाषांत आवाज सारखाच खाली येतो.

आनंदीबाईंनंतर सत्तावन्न वर्षांनी, १९४४ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिन प्रथम रुग्णांना दिले गेले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, पुढे रिफाम्पिसिन आले. मधल्या काळात आपल्या भागातील रोग्यांचा आधार होता तो मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामासारख्या ठिकाणांचा. जुन्या पिढीला त्या नावाची धास्ती आठवत असेल. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने ही धास्तीही काढून टाकली. घरी राहून नियमित औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. सगळ्या जगाने हे मानले.

आज साधा क्षय असेल तर सहा महिन्यांचे औषध पुरते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. इतका काळ लागतो, कारण हा जंतू अतिशय सावकाश वाढतो आणि काही जंतू निपचित पडून राहतात. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आणि येथेच घात होतो. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचे उपचार कितीतरी अवघड होऊन बसतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते, त्याला भिऊ नये. मळमळ, उलट्या होऊ लागल्या, डोळे पिवळे दिसले किंवा नजर अंधुक झाली तर लगेच केंद्रावर सांगावे; स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये. योग्य औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. भांडी वेगळी करण्याची गरज नाही, कारण हा रोग ताटवाटीतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. काही तासांत निदान करणारे ट्रूनॅट हे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे आहे. रुग्णाच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. आनंदीबाईंना थंडीत जे पोटभर मिळाले नाही, त्याची किंमत आता शासनालाही कळली आहे.

आनंदीबाईंपाशी जिद्द होती, जीव लावणारी माणसे होती, नामांकित डॉक्टरांचा सहवास होता. नव्हते ते फक्त औषध. आपल्याकडे औषध आहे. तेव्हा उत्सवाच्या या दिवसांत घरोघरी पाहुणे येतील, आरतीला माणसे जमतील, त्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणारे कोणी दिसले तर त्याला हळूच बाजूला घ्या आणि तपासून घ्यायला सांगा. सून असेल तर तिच्याबरोबर स्वतः जा. केंद्रात आमच्यासारखे कोणीतरी बसलेले असेल. सकाळची थुंकी एका डबीत द्यायची, एवढेच काम आहे.

विघ्नहर्ता सर्वांना आरोग्य देवो.