ओवीचा नाद ओळखणारे फादर स्टीफन्स

अक्षरओळख नसतांही शेकडों ओव्या तोंडपाठ असलेल्या वृद्ध स्त्रिया आमच्या वाचकांनीं पाहिल्या असतील. ओवीचें हें बळ ज्या परदेशीयांनीं ओळखलें, त्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें.

त्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत झाला. १५७५ सालीं रोम येथें ते जेझुइट संघांत शिरले व १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचले. पुढील ४० वर्षें त्यांनीं बहुतेक साष्टी प्रांतांतच घालविलीं आणि १६१९ सालीं ते गोव्यांतच निवर्तले.

त्या काळीं नवख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें वाचण्याची बंदी होती. पोथीबरोबर त्यांचें गाणेंही गेलें. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभींच एक ब्राह्मण पाद्रीपाशीं नव्या पुराणाची मागणी करितो. त्या मागणीचें उत्तर म्हणजेच हा सुमारें ११,००० ओव्यांचा मराठी ग्रंथ होय.

स्टीफन्स यांनीं परका छंद आणिला नाहीं. लोकांची ओवीच घेतली. तिचे पहिले तीन चरण एकाच ध्वनीनें संपतात. पहिल्या चरणानें कानास जी आशा लागते, ती पुढील दोन चरण पुरवितात. आणि आंखूड, यमकरहित चौथ्या चरणाशीं श्वास विसावतो व अर्थ मनांत ठरतो. मराठीची थोरवी गातांना त्यांनीं रत्नें, फुलें, पक्षी, वृक्ष असा एकेक वर्ग घेतला व त्यांतील श्रेष्ठ वस्तु दाखविली. 'मध्यें' या अर्थाचा शब्द वारंवार परत येतो, आणि त्या आवृत्तीच्या पायऱ्या चढत ऐकणारा अखेरीस मराठीपाशीं येऊन पोहोंचतो. येथें पुनरुक्ति हा दोष नसून तेंच काव्याचें बळ आहे.

१६१६ सालीं हा ग्रंथ रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. वाचणारे थोडे, ऐकणारे फार. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडण्याचा हुकूम काढला. तरी हस्तलिखितांच्या व गाणारांच्या आधारें ग्रंथ टिकला. कानडा प्रांतांतील ख्रिस्ती घराण्यांनीं तो जपला, आणि १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापला गेला.

राजाज्ञेस कागद जप्त करितां येतो. कानांत बसलेला नाद जप्त करितां येत नाहीं. म्हणून आपल्या घरांतील वृद्धांच्या ओव्या आपण मुलांस ऐकवाव्या, अशी आमची विनंती आहे.