डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल

स्कॉटलंडांत टे नदीच्या कांठीं वसलेल्या पर्थ ह्या नगरांत १८०२ सालीं डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल ह्याचा जन्म झाला. त्याचा बाप पुस्तकविक्रेता व प्रकाशक होता. चित्रकला शिकण्यासाठीं हिल एडिंबरोस गेला व विशी ओलांडतो न ओलांडतो तोंच पर्थशायरच्या देखाव्यांचीं शिळाछापाचीं चित्रें त्यानें प्रसिद्ध केलीं. पुढें १८३० पासून सुमारें चाळीस वर्षें स्कॉटिश चित्रकारांच्या अकादमीचा तो चिटणीस होता. नद्या, पडके किल्ले, सायंकाळचा प्रकाश हे त्याचे आवडते विषय. चित्रें बरीं होतीं. पण एवढ्यावरच त्याचें आयुष्य संपलें असतें, तर आज त्याचें नांव अकादमीच्या दप्तराबाहेर कोणास ठाऊक झालें असतें, असें मला वाटत नाहीं.

१८४३ च्या मे महिन्याच्या १८ व्या तारखेस एडिंबरो शहरांत एक विलक्षण प्रकार घडला. मंडळीच्या इच्छेविरुद्ध जमीनदारानें तिच्यावर पाळक लादावा कीं काय, ह्या प्रश्नावरून स्कॉटलंडच्या चर्चमध्यें दहा वर्षें वाद माजला होता. त्या दिवशीं शेंकडों पाळक सभागृहांतून उठले व रस्त्यानें चालत कॅननमिल्स येथील टॅनफील्ड हॉलमध्यें जाऊन त्यांनीं फ्री चर्चची स्थापना केली. थोड्याच दिवसांत ४७४ पाळकांनीं राजीनाम्यावर सह्या केल्या. राहतें घर, ठरलेलें वेतन, सारें त्यांनीं एका सहीनें सोडिलें. हिंदुस्थानांतील स्कॉटिश मिशनरीही त्यांसच जाऊन मिळाले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन हे त्यांपैकींच होत.

हें दृश्य पाहून हिलचें मन हेलावलें. सह्या करण्याचा तो प्रसंग एका मोठ्या चित्रांत उतरवावयाचा, असा त्यानें निश्चय केला. परंतु अडचण अशी कीं चेहरे शेंकडों, आणि त्यांचे धनी लौकरच देशभर पांगणार! इतक्यांस समोर बसवून रेखाटावयाचें तरी केव्हां? तेव्हां प्रसिद्ध पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर ह्यांनीं त्यास नव्यानेंच निघालेल्या कॅलोटाइपचा मार्ग सुचविला व रॉबर्ट ॲडमसन ह्या तरुणाशीं त्याची गांठ घालून दिली. ॲडमसन सेंट अँड्र्यूजचा, वय अवघें बावीस. कॅल्टन टेकडीवरील रॉक हाउसमध्यें त्यानें आपला कारखाना नुकताच थाटला होता.

कॅलोटाइपची रीत टॅल्बट ह्या इंग्रज गृहस्थानें शोधिली होती. इंग्लंडांत तिचा हक्क त्यानें राखून ठेविला होता. स्कॉटलंडांत मात्र तो हक्क लागू नव्हता. चांगल्या लिहिण्याच्या कागदास सिल्व्हर नायट्रेट व पोटॅशियम आयोडाइड लावावयाचें, वापरण्यापूर्वीं गॅलिक ॲसिडमिश्रित द्रावणानें तो पुन्हां भिजवावयाचा, कॅमेऱ्यांत घालून उन्हांत धरावयाचा आणि मग अंधाऱ्या खोलींत चित्र उमटवून हायपोनें पक्कें करावयाचें. हें झालें उलटें चित्र. त्यावरून मिठाच्या कागदावर सूर्यप्रकाशांत सुलटें चित्र काढीत. कागदाच्या तंतूंमुळें बारीक रेषा पुसट होत. प्रकाश व छाया मात्र ठळक पसरत. इतरांस हें वैगुण्य वाटे. हिल चित्रकार होता. त्यानें ह्या वैगुण्यालाच कामाला लाविलें. माणसें तो उन्हांत उघड्यावर बसवी, मागें पडदा व टेबल मांडून घराचा आभास निर्माण करी, आणि हात हलूं नये म्हणून तो पुस्तकावर किंवा गालावर टेकावयास लावी.

पाळकांचे चेहरे टिपतां टिपतां दोघांची दृष्टि समुद्राकडे वळली. एडिंबरोजवळच फोर्थच्या खाडीवर न्यूहेवन नांवाचें कोळ्यांचें गांव होतें. तेथील पुरुष होड्यांतून मासेमारीस जात. बायका पाठीवर मोठी करंडी घेऊन, तिचा पट्टा कपाळावर अडकवून, मासे विकण्यास चढ चढून शहरांत येत. धिटाई, स्वच्छता व पट्ट्यापट्ट्यांचे घागरे ह्यांबद्दल त्यांची ख्याति होती. ह्या किनाऱ्यावर हिल व ॲडमसन ह्यांनीं शंभरांहून अधिक चित्रें घेतलीं. हलत्या लाटा कागदावर ठरत नसत, वल्हविली जाणारी होडी म्हणजे नुसता धूसर डाग. म्हणून वाळूवर ओढून ठेविलेल्या होड्या, स्थिर उभ्या करंड्या, भिंतीला टेकलेले नावाडी असे विषय त्यांनीं निवडिले. एका चित्रांत लिंटन नांवाचा कोळी आपल्या होडीला रेलून उभा आहे आणि होडीच्या सावलींत त्याचीं तीन अनवाणी मुलें बसलीं आहेत. दुसऱ्यांत पाळक जेम्स फेअरबेर्न कोळिणींच्या घोळक्यांत दिसतात. गरिबांचीं चित्रें त्या काळीं गमतीखातर किंवा कींव यावी म्हणून काढीत. येथें त्या कोळिणी पाळकांच्या व उमरावांच्या चित्रांतील माणसांइतक्याच मानानें उभ्या आहेत. मला तर पाळकांच्या तसबिरींपेक्षां हींच चित्रें अधिक जिवंत वाटतात. १८४४ सालीं ह्या कोळ्यांचा स्वतंत्र चित्रसंग्रह काढण्याची त्यांनीं जाहिरात केली. पण ठरल्याप्रमाणें तो निघाला नाहीं.

साडेचार वर्षांत दोघांनीं सुमारें तीन हजार चित्रें घेतलीं. ॲडमसनची प्रकृति पहिल्यापासून नाजूक होती. १८४८ च्या जानेवारींत, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षीं, तो वारला. हिलनें कॅमेरा जवळजवळ खालींच ठेविला. पुढें एकदां दुसऱ्या एका सोबत्याबरोबर त्यानें पुन्हां प्रयत्न केला, पण जुनें तेज त्यांत उतरलें नाहीं. १८६२ सालीं त्याची एकुलती एक मुलगी शार्लट मरण पावली. त्याच सालीं अमेलिया पेटन ह्या शिल्पकार स्त्रीशीं त्याचा दुसरा विवाह झाला.

तें मोठें चित्र १८६६ सालीं, म्हणजे तेवीस वर्षांनीं, पुरें झालें. लांबी अकरा फुटांहून अधिक, आणि आंत ४५७ माणसें! फ्री चर्चनें तें विकत घेतलें. इतक्या डोक्यांच्या गर्दींत कलेचा श्वास कोंडला आहे, हें कबूल केलें पाहिजे. तरी मुंबईच्या वाचकानें एक चेहरा अवश्य शोधावा. १८३९ सालीं बाप्तिस्मा घेतलेले पारशी गृहस्थ धनजीभाई नवरोजी हे डॉ. विल्सन ह्यांच्याबरोबर स्कॉटलंडास गेले होते, ते त्यांत आहेत. चित्रांत हिलनें स्वतःस हातांत रेखाटनवही घेतलेला दाखविलें आहे, आणि अठरा वर्षांपूर्वीं वारलेल्या ॲडमसनला कॅमेऱ्यासह आपल्या जवळच उभें केलें आहे.

१७ मे १८७० रोजीं हिल मरण पावला. डीन येथील स्मशानभूमींत त्याच्या थडग्यावर अमेलियेनें घडविलेला त्याचा अर्धपुतळा आहे. कॅलोटाइपचे कागद लोक विसरून गेले होते. ते १८९० नंतर ग्लासगोच्या जेम्स क्रेग ॲनन ह्यानें पुन्हां छापले, आणि न्यूहेवनच्या कोळिणी अमेरिकेपर्यंत जाऊन पोंचल्या.