डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांच्या मुलाची आई

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमाजवळचे हे गाव. दिवस भरलेल्या माडिया स्त्रीपुढे त्या काळात वाट खुली होईल की नाही, हाच मोठा प्रश्न असतो. येथे बसून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचले, तर पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, या गौरवाआड राहिलेली एक गोष्ट पुढे येते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे. पत्नीला शिकविण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता. त्यासाठी त्यांनी तिला मारहाणही केली. त्यांच्या सुधारकपणाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. चरित्रकथनात हा प्रसंग बहुधा एका वाक्यात आटोपतो आणि पुढच्याच वाक्यात अमेरिकेची बोट सुटते. वास्तविक येथे थांबावयास हवे. त्या काळी मुंबई इलाख्यात डॉक्टर नव्हते असे नाही. परंतु ते पुरुष होते, आणि प्रतिष्ठित घरातील बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषाने पाऊल ठेवणे घरच्यांना मान्य नव्हते. तिला संकोच, आणि घराला लोकलज्जा. बाळंतपण सुईणीच्या हातचे. तिचा अनुभव अपुरा पडला तर पुढे कोणीच नाही. आई आणि मूल यांची ही असहायता पंधराव्या वर्षाच्या आत स्वतः भोगलेली ही मुलगी पुढे वैद्यक निवडते, तेव्हा त्यामागे केवळ पतीचा आग्रह होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे आणि आपण परदेशी का जात आहोत, हे त्यांनी विरोधकांसमोर मांडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या पतीशिवाय कलकत्त्याहून निघाल्या. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी गोपाळरावांचे एक पत्र नियतकालिकात वाचून आधीच पत्रमैत्री जोडली होती. अमेरिकेत आनंदीबाईंना त्यांच्याकडेच घर मिळाले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले. नऊवारी लुगडे, शाकाहार, कडाक्याची थंडी, सततचे आजारपण हे सर्व सोसून त्या ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वैद्यकाच्या कितीतरी शाखा उपलब्ध असताना त्यांनी गर्भिणी, प्रसूती आणि बाळंतीण यांचाच अभ्यास केला. स्वतःच्या मुलाचा उल्लेख न करता त्याच्याविषयी लिहिण्याचा मार्ग त्यांना असा सापडला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो.

कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर नेमणूक केली. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या. नेमणुकीचे काम त्यांना कधीच सुरू करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले.

त्यांच्या हातून राहिलेले काम पुढे अनेक ठिकाणी, अनेकांनी केले. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या रूपाने माडिया स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन देखभाल करण्याचे शिक्षण दिले. श्वास, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्ग यांवर पहिले काही दिवस नीट लक्ष ठेवले तर अनेक बालके वाचतात, हे त्या कामातून १९९९ मध्ये जगापुढे आले. आज घरी बाळंत झालेल्या स्त्रीकडे आशा कार्यकर्तीने पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जावे, असा नियम आहे. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ असते; दिवस भरत आलेली स्त्री नदीला पाणी चढण्यापूर्वीच तेथे येऊन राहू शकते.