थोरांची ओळख : संत गोन्सालो गार्सिया



मनामाच्या पश्चिमेला समुद्राकाठी असलेला जुना किल्ला तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पुष्कळ लोक त्याला पोर्तुगीज किल्ला म्हणतात, कारण 1521 ते 1602 या काळात बहरीनवर पोर्तुगिजांचा अंमल होता. त्याच काळात आपल्या महाराष्ट्रातील वसईदेखील त्यांच्याच ताब्यात होती. 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई त्यांना मिळाली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या पोर्तुगीज वसईत सुमारे 1556 साली गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. व्यापारात नाव आणि पैसा मिळवून त्यांनी दोन्ही सोडून दिले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून आज जग त्यांना ओळखते.

गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज होते, तर आई स्थानिक होती. वसईच्या किल्ल्यात जेज्वीट धर्मगुरूंची शाळा होती. तेथे त्यांचे शिक्षण झाले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना ते या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. त्या काळी हा शिडाच्या जहाजाचा अनेक महिन्यांचा प्रवास होता. जपानमध्ये गेल्यावर त्यांनी तिथली भाषा मन लावून शिकून घेतली. लोकांत मिसळून ते ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देऊ लागले. असे सुमारे आठ वर्षे त्यांनी काम केले. आपल्यालाही जेज्वीट संघात घ्यावे, ही त्यांची मोठी इच्छा होती. पण त्यांचा प्रवेश पुनःपुन्हा लांबणीवर पडला. अखेर निराश होऊन त्यांनी ते काम सोडले आणि व्यापार सुरू केला.

तो काळ व्यापाराला फार चांगला होता. चीनचे रेशीम मकाव बंदरातून नागासाकीला येई आणि त्याच्या बदल्यात जपानची चांदी बाहेर जाई. गोन्सालोंना भाषा येत होती, माणसे ओळखीची होती आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. थोड्याच वर्षांत त्यांचा जम बसला, धंदा वाढला व ठिकठिकाणी त्याच्या शाखा निघाल्या. वसईहून रिकाम्या हाताने आलेला मुलगा आता श्रीमंत व्यापारी झाला होता.

परंतु मनातली जुनी ओढ काही गेली नाही. पुढे ते फिलिपाइन्समधील मनिला येथे गेले. तेथे फ्रान्सिस्कन संघाचे लोक कुष्ठरुग्णांची सेवा करीत असत. गोन्सालोही त्या सेवेत रमले. अखेर व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. या संघाचे संस्थापक, असिसीचे संत फ्रान्सिस, हेसुद्धा एका धनाढ्य कापड व्यापाऱ्याचे चिरंजीव होते. आपल्याजवळ स्वतःचे असे काही ठेवायचे नाही, हा या संघाचा नियम. गोन्सालो तेथे धर्मगुरू झाले नाहीत. पडेल ते काम करणारे साधे ब्रदर म्हणूनच ते राहिले.

1593 साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानला पाठवले. तेव्हा जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. त्याने 1587 सालीच परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. अशा सत्ताधीशापुढे बोलायचे म्हणजे शब्दन् शब्द जपून वापरायला हवा. हे दुभाष्याचे काम गोन्सालोंवर सोपवण्यात आले. हिदेयोशीने या मंडळींना राहण्याची परवानगी दिली. क्योतो शहरात त्यांनी चर्च बांधले आणि गरिबांसाठी व कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये उभारली.

पण हे दिवस फार टिकले नाहीत. ऑक्टोबर 1596 मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. त्यातून वाद वाढला आणि स्पॅनिश लोक आपले राज्य घ्यायला आले आहेत, असा संशय हिदेयोशीला आला. त्याने डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांना पकडण्याचा हुकूम दिला. जानेवारी 1597 मध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन थंडीत, सुमारे महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. एकूण 26 जण होते. त्यांतील बहुतेक जपानी होते आणि सर्वांत लहान लुई अवघा 12 वर्षांचा होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. गोन्सालोंचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते.

1862 साली पोप पायस नववे यांनी या 26 जणांना संतपद दिले. निशिझाका टेकडीवर आज त्यांचे स्मारक आहे. वसईजवळ गास गावी संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचे चर्च आहे आणि वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालयही आहे.

मित्रहो, पैसा मिळवणे हा काही दोष नव्हे. आपले आईवडीलदेखील घरापासून दूर या देशात कष्ट करूनच मिळवत आहेत. गोन्सालोंनीही प्रामाणिकपणे मिळवले. पण मिळवून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर त्यांना ख्रिस्तावरील श्रद्धेत आणि रुग्णांच्या सेवेत सापडले. त्यांच्या दुकानांचा आज मागमूसही नाही. लहानपणी मन लावून शिकलेली परकी भाषा मात्र शेवटपर्यंत त्यांच्या कामी आली. आधी तिने त्यांना धन मिळवून दिले, मग त्याच भाषेतून त्यांनी दुःखी माणसांना धीर दिला. आपण जे शिकतो व मिळवतो ते कोणाच्या उपयोगी पडणार आहे, याचा विचार तुम्हीही जरूर करा.