बियाण्याच्या पिशवीवरचं ‘एमएसीएस’ आणि मालवणचे आघारकर

श्रीरामपूर : सोयाबीनच्या पिशवीवर एमएसीएस ११८८, गव्हाच्या पिशवीवर एमएसीएस ६२२२ असं छापलेलं आपल्या तालुक्यात अनेकांनी वाचलं असेल. ही अक्षरं म्हणजे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचं इंग्रजीतलं छोटं नाव. ती संस्था उभी करणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर मात्र रानातल्या झाडाझुडपांचे अभ्यासक होते.

जन्म १८८४ चा, मालवणचा. मुंबईत कॉलेजात असताना सह्याद्रीत हिंडून वनस्पती, प्राणी गोळा करायचा नाद लागला. त्या भटकंतीत घाटातल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याचा हा वंश तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होता. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९१४ ला शिकायला जर्मनीला गेले. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. इंग्रजांची प्रजा म्हणजे तिकडे शत्रूचा माणूस; परतीची वाट बंद. दुसरा कोणी खचला असता. यांनी १९१९ ला बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खारवट जमिनीतल्या वनस्पतींचा : त्यांचं बी पसरतं कसं आणि त्या मुळात आल्या कुठून. चोपण रानात काय तग धरतं, हे प्रवरेकाठच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

१९४६ ला निवृत्त झाल्यावर आराम करायचा सोडून पुण्यात येऊन त्यांनी विज्ञान वर्धिनीचं काम उभं केलं. १९६० ला वारले तोवर तेच संचालक होते.

संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, त्यालाही आघारकरांचंच नाव. फुलासकट फांदी कागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली गाव, तारीख, आणणाऱ्याचं नाव लिहायचं. झाडाचा सातबाराच म्हणा. उद्या धरणात किंवा रस्त्यात ती जागा गेली, तरी इथं हे झाड होतं याचा पुरावा राहतो. पुरावाच नसेल, तर काय नाहीसं झालं हे कळणार कसं? याच संस्थेतल्या व्ही. डी. वर्तक यांनी १९७० नंतरच्या वर्षांत माधव गाडगीळांबरोबर देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावानं राखलेली, कुऱ्हाड न लागलेली ती राने त्यांनी फिरून नोंदवली.

१९९२ ला संस्थेला आघारकरांचं नाव दिलं. ती आहे मात्र गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. ते आगरकर समाजसुधारक, हे आघारकर झाडांचे. पत्ता विचारताना ‘घा’वर जरा जोर द्यावा लागतो.