लॅपटॉपवरच्या भूजल सॉफ्टवेअरचं सूत्र १८५५ साली दवाखान्याच्या अंगणात सापडलं होतं!

गावातल्या सगळ्या बोअरवेल एकदम चालू ठेवल्या तर पाच वर्षांनी विहिरींची पातळी कुठे जाईल? कारखान्याचं दूषित पाणी जमिनीत मुरलं तर ते कुणाच्या विहिरीपर्यंत पोहोचेल? जमिनीखालचं पाणी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने देण्याचीच पद्धत होती.

आज हे काम साध्या लॅपटॉपवर होतं. मॉडफ्लो नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी जगभर वापरलं जातं आणि ते चक्क फुकट आहे. पण त्याच्या पोटात जे सूत्र आहे, ते शोधलं तेव्हा कॉम्प्युटर सोडाच, विजेचा दिवासुद्धा घरात आला नव्हता. ते शोधणारा माणूस होता एक आजारी फ्रेंच इंजिनिअर, हेन्री डार्सी. आणि त्याला खरं तर भूजलाचा अभ्यास करायचाच नव्हता. त्याला शहराला स्वच्छ पाणी द्यायचं होतं.

वडील गेले, आईने कर्ज काढून शिकवलं

हेन्री डार्सीचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात झाला. तो १४ वर्षांचा असताना वडील वारले. घरची कमाई थांबली, पण आईने मुलाचं शिक्षण थांबू दिलं नाही. तिने पैसे उसने घेतले आणि त्याला शिकवणी लावली.

पोरानेही त्याचं चीज केलं. १८२१ साली त्याला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. तिथून तो पूल आणि रस्त्यांच्या सरकारी इंजिनिअरिंग शाळेत गेला. शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरी लागली आणि थोड्याच काळात नेमणूक झाली ती थेट आपल्या गावी, दिजाँला. १८२८ साली त्याचं हेन्रिएट कॅरी हिच्याशी लग्न झालं. त्यांना मूलबाळ झालं नाही.

दिजाँचं पाणी म्हणजे घाणच

त्या काळचं दिजाँ पाण्याच्या बाबतीत बदनाम होतं. शहरातून वाहणाऱ्या सुझाँ नदीची अवस्था उघड्या गटारासारखी होती. लोक उथळ विहिरींचं पाणी प्यायचे आणि त्या विहिरींमध्ये आजूबाजूचं सांडपाणी झिरपायचं.

शहराने जमिनीत खोल भोक पाडूनही पाहिलं. सुमारे १५० मीटर खाली गेल्यावर पाणी लागलं, पण शहराची तहान भागेल एवढं ते नव्हतं.

डार्सीने वेगळा रस्ता धरला. शहराबाहेर रोझ्वार नावाचा मोठा झरा होता. त्याचं पाणी शहरात आणायचं, असा सविस्तर अहवाल त्याने १८३४ साली मांडला. मंजुरी, जमिनी, पैसा यात काही वर्षं गेली. मग काम सुरू झालं आणि ६ सप्टेंबर १८४० रोजी झऱ्याचं पाणी दिजाँच्या हौदात पोहोचलं.

ही योजना समजून घेण्यासारखी आहे. सुमारे १२.७ किलोमीटर लांबीचा, वरून झाकलेला दगडी पाट. त्यातून मिनिटाला सुमारे ८ हजार लिटर पाणी. शहरात दोन मोठे हौद आणि तिथून पुढे नळांचं जाळं. पंप एकही नाही, सगळा खेळ उताराचा! काही वर्षांतच शहरात १४० च्या वर सार्वजनिक नळ झाले. ते साधारण १०० मीटरच्या अंतराने होते, म्हणजे कुणालाही लांबून घागर वाहायला नको.

गरिबाला पाणी मोजून देऊ नये, शक्य तितकं फुकट द्यावं, असं डार्सीचं स्पष्ट मत होतं. स्वतःच्या बाबतीतही तो तसाच वागला. या कामाचा मोबदला म्हणून मोठी रक्कम त्याला मिळू शकत होती. त्याने ती घेतली नाही. शहराने दिलेलं सुवर्णपदक आणि घराला आयुष्यभर मोफत पाणी, एवढंच त्याने स्वीकारलं.

रेल्वे आणली, मग बदली झाली

पाण्यानंतर डार्सी रेल्वेच्या मागे लागला. पॅरिस ते लिऑन हा मार्ग दिजाँवरून जावा यासाठी त्याने जोर लावला. वाटेत ब्लेझीचा डोंगर होता. तिथे चार किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा काढायचा होता आणि त्या आखणीत डार्सीचा मोठा वाटा होता. रेल्वे दिजाँवरूनच गेली.

पण १८४८ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. सरकार बदललं आणि जुन्या काळात वजन असलेला हा अधिकारी नव्या मंडळींना खुपायला लागला. ज्या शहराला त्याने पाणी दिलं, तिथूनच त्याला हलवलं गेलं. बदली झाली बूर्ज शहराला.

काही काळाने त्याला पॅरिसला नेमलं गेलं. शहराचं पाणी आणि रस्ते यांची जबाबदारी त्याच्याकडे आली. लंडनला जाऊन त्याने तिथल्या खडीच्या रस्त्यांचा अभ्यास केला. पाइपमधून वाहताना पाण्याचा दाब किती कमी होतो, यावर त्याने मोठे प्रयोग केले. आजही इंजिनिअरिंगची मुलं डार्सी-वाइसबाख समीकरण घोकतात, त्यातला डार्सी तो हाच.

वाळू, पाणी आणि दवाखाना

१८५५ पर्यंत त्याची तब्येत ढासळली होती. रोजच्या जबाबदारीतून मोकळीक मिळाली आणि तो संशोधनासाठी दिजाँला परतला. आजारपणामुळे मिळालेल्या या मोकळ्या वेळातच त्याचं सगळ्यात मोठं काम झालं.

प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. शहराचं पाणी गाळायला वाळूचे फिल्टर वापरतात. किती पाणी गाळायला किती मोठा फिल्टर लागेल, याचा पक्का हिशेब कुणाकडे नव्हता. जो तो अनुभवावर बांधायचा.

दिजाँच्या दवाखान्याच्या अंगणात एक उभा लोखंडी नळ बसवला गेला, आतून ३५ सेंटीमीटर रुंद. त्यात सोन नदीची वाळू भरली. वरून पाणी सोडायचं, खालून किती बाहेर पडतं ते मोजायचं आणि वर-खाली दाब किती आहे ते पाऱ्याच्या दाबमापकावर वाचायचं. सोबतीला शार्ल रिटर हा इंजिनिअर होता. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रयोग झाले. पाणी होतं शहराच्या नळाचं, म्हणजे डार्सीनेच आणलेलं! गंमत म्हणजे दवाखान्यात कुणी नळ उघडला किंवा बंद केला की इकडे पारा वर-खाली हलायचा. मग सरासरी काढावी लागायची. फेब्रुवारी १८५६ मध्ये रिटरने आणखी प्रयोग करून तेच निष्कर्ष पुन्हा तपासले.

निष्कर्ष असा निघाला. वाळूतून जाणारं पाणी पातळीतल्या फरकाच्या प्रमाणात वाढतं. वाळूचा थर जितका जाड, तितकं ते कमी होतं. आडवा छेद जितका मोठा, तितकं जास्त. आणि प्रत्येक वाळूचा आपला एक आकडा असतो, जो सांगतो की ती पाण्याला किती सहज वाट देते. यालाच आज पाणी वाहून नेण्याची क्षमता म्हणतात आणि या नियमाला डार्सीचा नियम.

एक साधं उदाहरण घ्या. जमिनीखाली रेतीचा थर आहे. त्याचा आकडा दिवसाला १० मीटर. पाण्याची पातळी दर १०० मीटरला १ मीटर उतरते. थराचा आडवा छेद १०० चौरस मीटर. मग १० गुणिले ०.०१ गुणिले १००, म्हणजे दिवसाला १० घनमीटर. दहा हजार लिटर पाणी त्या छेदातून रोज गुपचूप सरकतंय!

हे सगळं डार्सीने १८५६ साली दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड पुस्तकात छापलं. तेही मुख्य भागात नाही, शेवटी जोडलेल्या एका टिपणात. जगाने मात्र पुढे तेच टिपण उचललं.

दोनच वर्षांनी, ३ जानेवारी १८५८ रोजी, पॅरिसमध्ये न्यूमोनियाने डार्सीचं निधन झालं. वय अवघं ५४. पार्थिव दिजाँला आणलं गेलं. शहरातल्या ज्या चौकात त्याचा हौद होता, त्या चौकाला त्याचं नाव दिलं गेलं. प्लास डार्सी आजही तिथे आहे.

वाळूच्या नळापासून मॉडफ्लोपर्यंत

एका नळातल्या वाळूचा हिशेब हातानेही होतो. पण एका तालुक्याखालची जमीन म्हणजे अशा लाखो नळ्यांचा गुंता. इथे कॉम्प्युटर कामाला आला.

अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिक संस्थेत, म्हणजे यूएसजीएसमध्ये, मायकल मॅकडोनाल्ड आणि आर्लन हार्बॉ या दोघांनी मॉडफ्लो लिहिलं आणि ते १९८४ साली प्रसिद्ध झालं. कल्पना सोपी आहे. जमिनीचे चौकोनी ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळ्यातून शेजारच्या ठोकळ्यात किती पाणी जाईल, हे डार्सीच्या नियमाने काढायचं. आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि साठलेलं पाणी यांचा मेळ बसेपर्यंत गणित पुन्हा पुन्हा सोडवायचं.

सरकारी पैशातून बनलं म्हणून ते सगळ्यांना मोफत आहे. सध्याची पिढी आहे मॉडफ्लो ६. विंडोजवर ते चालवण्याची पद्धत अशी:

१. यूएसजीएसच्या संकेतस्थळावरून झिप फाइल उतरवून घ्या. ती सोडवून अशा फोल्डरमध्ये ठेवा, ज्याचं नाव छोटं आहे आणि ज्यात मोकळ्या जागा नाहीत. वेगळं इन्स्टॉलेशन लागत नाही.

२. सोबत उदाहरणांचा फोल्डर येतो. स्वतःचं मॉडेल बनवण्याआधी त्यातलं एक उदाहरण चालवून पाहा. त्या उदाहरणाच्या फोल्डरमध्ये कमांडची काळी खिडकी उघडायची आणि प्रोग्रामचं नाव टाइप करायचं. प्रोग्राम कुठे ठेवलाय हे विंडोजला माहीत नसेल, तर पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

३. प्रोग्राम आधी एक मुख्य फाइल शोधतो, ज्यात बाकीच्या फाइलींची यादी असते. ती सापडली नाही तर तिथेच थांबतो. सुरुवातीच्या बहुतेक अडचणी याच असतात: चुकीचं फोल्डर किंवा चुकीचं नाव.

४. चित्रं काढून, क्लिक करून मॉडेल बनवायचं असेल तर यूएसजीएसचंच मॉडेलम्यूज हे सॉफ्टवेअर आहे. पायथॉन येत असेल तर फ्लोपाय. दोन्ही मोफत.

५. काम संपल्यावर निकालाच्या फाइलमधला पाण्याचा जमाखर्च वाचा. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं यातला फरक साधारण एक टक्क्याच्या आत हवा. जास्त असेल तर मॉडेलवर भरवसा ठेवू नका.

आणखी एक. मीटर आणि फूट, दिवस आणि सेकंद यांची सरमिसळ करू नका. प्रोग्राम त्याबद्दल ओरडत नाही, बिनबोभाट चुकीचं उत्तर देतो.

बटण दाबण्याआधी

मॉडफ्लो चालवणं अवघड नाही. अवघड आहे तो आकडा मिळवणं, जो डार्सीने वाळूसाठी अंगणात उभं राहून मोजला. तो आकडा लॅपटॉप देत नाही. त्यासाठी विहिरीवर पंप लावून पातळी किती वेळात किती उतरते, हे मोजावं लागतं.

महाराष्ट्रात तर हे आणखी महत्त्वाचं. राज्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. इथे पाणी सगळीकडे सारखं नसतं. ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये असतं. एका शेतातल्या बोअरला धो धो पाणी, शेजारची कोरडी, हे गावोगावी दिसतं. अशा खडकाला नळातल्या एकसारख्या वाळूचे आकडे लावले तर पडद्यावर रंगीत नकाशा सुंदर येईल, पण पाणी तिथे नसेल. म्हणून मॉडेलचं उत्तर गावातल्या विहिरींच्या खऱ्या पातळीशी ताडून पाहावंच लागतं.

डार्सीने सूत्र देण्याआधी वाळू मोजली, पारा हलला तेव्हा थांबून सरासरी काढली आणि हाती आलेलं सगळं छापून सर्वांसाठी मोकळं ठेवलं. त्याने दिजाँला पाणी दिलं त्याला १८० हून जास्त वर्षं झाली. त्याच्या आकड्यांवर उभं असलेलं सॉफ्टवेअर आज कुणाच्याही लॅपटॉपवर फुकटात येतं. आपल्या शिवारातल्या विहिरी मोजायचं काम मात्र अजून ज्याचं त्यालाच करावं लागतं.